बत्तिसावी परडी

सिंधीपुऱ्याकडून तापीच्या दिशेनं उतरत गेलं, की केळीच्या बागा सुरू व्हायच्या जरा आधी चुना फासलेली एक बुटकी भिंत लागते. आत प्राथमिक शाळा. तिला कुणा संताचं लांबलचक नाव आहे, पण ते फाटकावर. गावात सगळे म्हणतात सिस्टरांची शाळा. आणि गंमत अशी, की सिस्टरांची शाळा म्हटलं की लोकांच्या तोंडी नाव येतं ते कोकिळाबाईचं. ज्या आत्यानं हिचं नाव कोकिळा ठेवलं, तिचे कान एकदा तपासायला हवे होते. हिनं ओट्यावरून ‘ए पोरांनो’ म्हटलं की पलीकडच्या बागेत घड उतरवणारे गडीसुद्धा हात थांबवून वळून बघतात.

कोकिळाबाई मूळची खकनारकडची. लग्न होऊन बऱ्हाणपुरात आली. नवरा उखर्डू लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला. सासूकडे नवरात्रात घट बसायचा. घटाखाली पेरलेलं धान वीतभर वर आलं की घर वर्षभर सुखाचं, घरातलं दुखणं पळालं, असं सासू छातीठोक सांगायची. एका वर्षी घटात उंदीर शिरले. धान उगवलंच नाही, आणि त्याच पौषात उखर्डू तापानं गेला. उंदरांचा आणि तापाचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, हे कोकिळाबाईला कळत होतं. पण कळणं वेगळं आणि छातीत बसणं वेगळं. कडेवर दोन वर्षांचा रितेश घेऊन ती या शाळेच्या फाटकाशी उभी राहिली, झाडलोट करायला. त्याला तेवीस वर्षं झाली. रितेश नेपानगरला नोकरीला लागला, त्याला मिशा फुटल्या, त्याचं लग्न झालं. आणि ही अजून झाडूच मारते, असं तुम्ही म्हणाल. मारते की! पण तेवढंच करते असं समजू नका.

शाळेच्या मोठ्या सिस्टर, सिस्टर ज्योत्स्ना, झारखंडातल्या. साल वृक्षांच्या रानात वाढलेल्या. त्यांचा एक नियम होता, शाळेचा शेवटचा तास छपराखाली घ्यायचा नाही. ज्यानं एवढं मोठं आभाळ केलं त्याची लेकरं दिवसभर पंख्याखाली कशाला कोंडायची, असं त्या म्हणत. म्हणून पोरं चिंचोके मांडून बेरीज शिकायची, भिंतीची सावली पावलांनी मोजायची, कापसाच्या बोंडातल्या सरक्या मोजायची. पण सिस्टरांना कळायचा भात. केळ कळेना, कापूस कळेना. मग त्या झाडूवालीला विचारायच्या, झाडूवाली सांगायची, आणि सांगता सांगता तो तास कधी तिचा होऊन बसला, कुणाच्या ध्यानातसुद्धा आलं नाही. स्वतःच्या सहीपुरतं लिहिणारी बाई दुसरीच्या वर्गाची मास्तरीण! देवाच्या दारी काय काय घडतं.

तो तास सुरू व्हायचा तो मौनानं. सगळ्यांनी चिंचेखाली मांडी घालायची, डोळे मिटायचे आणि पाच मिनिटं नुसतं ऐकायचं. मग लांबून गावातल्या लूमची खटखट यायची. बागेतल्या मोटरचं पाणी पाटात पडायचं. कुठंतरी अजान, कुठंतरी देवळातली घंटा, आणि खंडव्याकडं जाणारी गाडी, आधी आहे असं वाटणारी, मग खरंच असणारी, मग नसणारी. सगळी पोरं एका मापात श्वास घ्यायला लागायची. कोकिळाबाईचे डोळे मिटले की तिला आपलं गाव दिसायचं, ओढा दिसायचा, कधी उखर्डू दिसायचा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, काही न बोलणारा. त्या पाच मिनिटांत कधी डुलकी लागली आणि कधी देव भेटला, हे तिचं तिलाही सांगता यायचं नाही. फाटकाजवळच्या मरियमच्या मूर्तीला ती ‘निळ्या पदराची माय’ म्हणायची आणि रोज सकाळी एक फूल ठेवायची. तापीमायलाही ठेवायची. दोघींची आपसात काही तक्रार नव्हती.

तर यंदाच्या डिसेंबरातली गोष्ट. नाताळाला शाळेत गोठ्याचा देखावा मांडतात. बाळ, त्याची आई, गाय, मेंढरं. भोवती दरवर्षी हिरवा कागद कातरून गवत करायचे. यंदा सिस्टर म्हणाल्या, कागद नको, खरं शेत करू. दुसरीच्या प्रत्येक लेकरानं घरून मूठभर गहू आणायचे, एकेका परडीत पेरायचे आणि दहा दिवसांनी त्या परड्या गोठ्याभोवती मांडायच्या. झालं! धान पेरायचं म्हटल्यावर कोकिळाबाईच्या अंगात संचारलंच. “सिस्टर, यातलं तुम्हाला काय बी कळायचं नाही. तुम्ही बाजूला बसा,” ती म्हणाली, आणि सिस्टर खरंच बाजूला बसल्या.

एकतीस पोरं, एकतीस परड्या. बुडाशी केळीच्या खोडाचं सोपट अंथरलं, वर काळी माती आणि चाळलेलं शेणखत. नावाच्या चिठ्ठ्या कोकिळाबाईला वाचता येत नव्हत्या, म्हणून तिनं फर्मान काढलं, ज्यानं त्यानं आपल्या परडीला आपली खूण बांधायची. मोहितनं शर्टाचं बटण तोडून बांधलं आणि घरी मार खाल्ला. तृप्तीनं फुटक्या बांगडीचा तुकडा बांधला. पल्लवीनं वेणीतली लाल रिबीन सोडली आणि परडीला बांधली, एवढी घट्ट की परडी वाकडी झाली. पेरताना गहू सांडले नसते तरच नवल. कोकिळाबाईनं ते सगळे, एकतीस घरचे, फडक्यानं गोळा केले आणि एका जास्तीच्या परडीत पेरून टाकले. अन्न पायाखाली जाऊ नये, एवढ्याचसाठी. ती बत्तिसावी.

आणि मग, अहो, उचलली जीभ लावली टाळ्याला! हात धुता धुता कोकिळाबाई म्हणाली, “नीट हात जोडा रे. ज्याचं धान वर आलं, त्याच्या घरचं दुखणं गेलं म्हणून समजा.”

सासूचंच वाक्य ते. तिच्या तोंडून नळाच्या पाण्यासारखं सहज निघून गेलं. बाकीची पोरं हात वाळवायला उन्हात पळाली. पल्लवी तेवढी राहिली.

“मौसी, सच्ची?”

“सच्ची,” कोकिळाबाई म्हणाली, आणि बादली उचलून चालू लागली.

कोठीच्या खोलीत खिडकीला पोतं लावून अंधार केला होता. तिथं परड्या ओळीनं मांडल्या, वर ओलं फडकं. पाच दिवस कुणी बघायचं नाही, फक्त कोकिळाबाईनं सकाळी पाणी शिंपडायचं, असा नेम. पोरांनी चपला काढून दाराशी यायचं, आत न डोकावता आपापल्या गव्हाला काहीतरी सांगायचं आणि जायचं. ती रांग काय सुंदर दिसायची म्हणून सांगू! सकाळचं धुकं केळीवरून अंगणात उतरलेलं, थंडीनं लाल झालेली ती उघडी पावलं, आणि बंद दाराला तोंड लावून कुजबुजणारी एकतीस तोंडं. कुणी ‘लवकर ऊठ’ म्हणायचं, कुणी पाढा म्हणून दाखवायचं. आत ओल्या मातीचा उबदार वास कोंडलेला असायचा. कोकिळाबाई पाणी शिंपडायला शिरली की तिला वाटायचं, अंधारात कुणीतरी झोपलंय आणि आपण पाऊल वाजवता कामा नये.

पल्लवी सगळ्यांत शेवटी यायची आणि सगळ्यांत जास्त वेळ थांबायची. तिसऱ्या दिवशी कोकिळाबाईनं विचारलंच, “काय गं, एवढं काय बोलतेस?”

“गहू जल्दी उगा ना, तो आई घरी येणार. तूच म्हणाली ना, दुखणं जातं म्हणून,” पल्लवी म्हणाली.

पल्लवीची आई प्रतिभा दसऱ्यापासून इंदूरच्या दवाखान्यात होती, हे साऱ्या शाळेला माहीत होतं. कोकिळाबाई आत गेली, घाईघाईनं फडकं उचललं. मोहितच्या परडीत पांढरे कोंब टोचून वर आलेले. तृप्तीच्या परडीत आलेले. त्या बत्तिसाव्यात तर बोटभर. लाल रिबिनीची परडी काळी, सपाट, मोकळी.

एक दिवस तिनं वाट बघितली. चौथ्या दिवशी बोट खुपसून दोन दाणे काढले. फुगलेले, मऊ, आंबूस वासाचे, आणि रंगानं तांबूस. तिला शंका आली. मधल्या सुट्टीत तिनं पल्लवीला विचारलं, घरून आणलेले गहू उरलेत का. पल्लवीनं कंपासपेटीतून कागदाची पुडी काढली. कोकिळाबाईनं एक दाणा दाताखाली धरला. कुडुम! खमंग वास तोंडभर पसरला. गहू भाजलेले होते.

आता काय म्हणावं या पुरुषांना! संध्याकाळी पल्लवीचे वडील पंकज फाटकाशी आले. तहसील कचेरीत कारकून, साधा माणूस, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. कोकिळाबाईनं पोरीला झोक्याकडं पिटाळलं आणि विचारलं, “भाऊ, गहू कुठले दिले होते?”

“निळ्या डब्यातले. का हो? ओट्यावरच होता डबा. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी हिनंच भरून ठेवला होता.”

सातूच्या पिठासाठी भाजून ठेवलेले गहू, दळायचे राहून गेलेले. ज्या माणसाला भाजलेला दाणा ओळखू येत नाही, त्याला काय बोलायचं? कोकिळाबाईनं तो विषय तिथंच सोडला. विचारलं, “बाईंची तब्येत कशी आहे?”

पंकज झोक्याकडं बघत राहिला. “ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर म्हणतात आता नुसतं उठायचं, चार पावलं चालायचं, जेवायचं. पण ती उठतच नाही. भिंतीकडं तोंड करून पडते. म्हणते, आता माझ्यानं होत नाही. डॉक्टर म्हणाले, तिनं स्वतः मनावर घेतलं नाही तर आमच्या हातात काही नाही. पल्लवी रोज फोनवर सांगते, आई, माझे गहू उगवणार. एवढं एक ऐकताना ती जरा डोळे उघडते.”

बुडत्याला काडीचा आधार, आणि काडीच भाजलेली! हा धान-दुखण्याचा आगाऊपणा केला कुणी? आपण केला. कोकिळाबाईनं कपाळावर हात मारून घेतला, चांगला आवाज होईल असा.

ती तशीच सिस्टरांकडं गेली आणि सगळं सांगून टाकलं. सिस्टर चांदणीला सोनेरी कागद चिकटवत होत्या. त्यांनी कात्री खाली ठेवली. “आपण पल्लवीला खरं सांगू. भाजलेलं बी उगवत नाही, हे ती समजेल.”

“गव्हाचं समजंल हो. आईचं काय समजंल?”

सिस्टरांनी हातातली चांदणी बाजूला ठेवली.

“जास्तीची परडी आहे माझ्याकडं. रिबीन तिकडं बांधते. संपलं.”

“नाही कोकिळाबाई. खोट्यावर श्रद्धा उभी करायची नाही. आज ना उद्या ती कोसळते, आणि लेकरू खाली सापडतं.”

“वा! तुमच्या देवाच्या पाच भाकरींत हजारो माणसं जेवली, हे पोरांना तुम्हीच सांगता ना? मग माझ्या एका परडीनं तुमचं काय घोडं मारलं?”

“ते त्याचं काम. आपलं नाही,” सिस्टर म्हणाल्या. तेवीस वर्षांत दोघी शंभरदा भांडल्या असतील, पण सिस्टरांचा आवाज असा कापरा झालेला कोकिळाबाईनं पहिल्यांदाच ऐकला. “उद्या प्रार्थनेनंतर मी स्वतः तिच्याशी बोलेन. तुम्ही परडीला हात लावू नका.”

“बरं,” कोकिळाबाई म्हणाली. आता तिचं ‘बरं’ म्हणजे काय, हे सिस्टरांना तेवीस वर्षांत कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी पोरं यायच्या आधी ती कोठीत शिरली. पोत्याच्या भोकातून उन्हाची एक रेघ आत आली होती आणि कोंबांवर पडली होती. रिबिनीची गाठ सुटता सुटेना. पल्लवीनं ती जीव लावून मारली होती. कोकिळाबाईनं दातांनी सोडवली. बत्तिसाव्या परडीला रिबीन बांधताना ती पुन्हा पुन्हा दाराकडं बघत होती, जसं काही ती कुणाचा दागिना चोरतेय. मोकळी परडी पदराखाली घेऊन ती मागच्या दारानं गेली आणि माती केळीच्या बुडाशी ओतली. येताना निळ्या पदराच्या मायपुढं क्षणभर थांबली. “तुला बी एक लेकरू आहे,” ती म्हणाली.

प्रार्थना झाली. फडकी काढली. आणि माय गं, काय ते रूप! अंधारात वाढलेलं ते धान, फिकट पोपटी, पिवळसर, पोरांच्या श्वासानंसुद्धा हलत होतं. ओरडायला पाहिजे होतं ना पोरांनी? एकानंही आवाज केला नाही. सगळी गुडघ्यांवर बसली आणि एकेक करून धानावरून तळहात फिरवू लागली. पल्लवीनं लाल रिबीन शोधली. गाल धानाला लावला आणि तशीच राहिली, डोळे मिटून, कितीतरी वेळ.

सिस्टर पल्लवीशी बोलायला म्हणून दोन पावलं पुढं आल्या होत्या. त्या थांबल्या. परड्यांच्या ओळीवरून त्यांची नजर हळूहळू फिरली.

“कोकिळाबाई, बत्तीस होत्या ना?”

“मोजायला मला कुठं शिकवलंय तुम्ही,” कोकिळाबाई म्हणाली. पण चोराच्या मनात चांदणं. तिनं वर बघितलं नाही. सिस्टरांनी पल्लवीकडं बघितलं, तोंड उघडलं, आणि मिटलं. मग त्या हळूच वळल्या आणि ओसरीत जाऊन बसल्या.

त्या दिवशी शेवटच्या तासाला परड्या उन्हात काढल्या. पंकज पोरीला न्यायला आला तेव्हा तिनं त्याच्या खिशातून फोन ओढूनच घेतला आणि व्हिडिओ कॉल लावला. इंदूरला तिची मावशी आईजवळ असायची. तिनं फोन उचलला आणि प्रतिभाच्या समोर धरला. चेहरा ओळखू येईना इतका उतरलेला, मान अर्धी भिंतीकडं.

“आई, देख! उग गया! बघ ना, किती मोठं झालं!” पल्लवीनं फोन धानात जवळजवळ बुडवलाच.

प्रतिभाची मान वळली. ती बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, “कुठले गहू नेले होतेस गं राणी?”

“निळ्या डब्यातले. पप्पांनी दिले.”

कोकिळाबाई झाडू हातात धरून चार हातांवर उभी होती. ज्या बाईनं गहू भाजले, तिच्यापासून काय लपणार होतं? हे आधी डोक्यात कसं नाही आलं! सिस्टरांचंच खरं झालं, आता कोसळतंय सगळं, आणि खाली हे लेकरू. पंकज बिचारा हसत उभा.

“फोन मौसीला दे जरा,” प्रतिभा म्हणाली.

कोकिळाबाईनं फोन घेतला आणि हौदाच्या मागं गेली. सिस्टर ओसरीतून उठून तिच्या मागोमाग आल्या आणि दोन पावलांवर उभ्या राहिल्या.

“कोकिळाबाई, ते गहू मी माझ्या हातानं भाजले होते.”

खोटं बोलायला आता जीभ वळेना. “व्हय बाई. ते नाही उगवले. दुसरी परडी ठेवली म्या. पोरीनं तुमच्यासाठी नवस बोलल्यासारखं ते धान धरलं होतं, मला बघवलं नाही. पाप असंल तं माझ्या माथी येऊ द्या. पण तिला काही बोलू नका, तुमच्या पाया पडते.” आणि ती रडू लागली, तोंडात पदर कोंबून.

फोनमध्ये नुसता उशीचा कोपरा दिसत होता. मग हुंदक्यासारखं काहीतरी ऐकू आलं. पण तो हुंदका नव्हता. बाई हसत होती. जपून जपून, दम घेत हसत होती.

“हसवू नका हो, टाके ताणतात,” प्रतिभा म्हणाली. मग तिला धाप लागली, ती थांबली, आणि पुन्हा बोलली तेव्हा आवाज भरून आला होता. “तिथं तुम्ही माझ्या लेकरासाठी भाजलेला गहू उगवून दाखवला. मी तिची सख्खी आई, आता मी कोणत्या तोंडानं पडून राहू?”

मान वळवून ती बहिणीला म्हणाली, “ताई, हात दे गं मला.”

फोन कुणीतरी पलंगावर घाईनं टाकला. आधी छत दिसलं, मग लोखंडी दांडा, मग चादरीची कड. आणि त्या एवढ्याशा चौकटीत कोकिळाबाईला आणि तिच्या खांद्यावरून वाकून बघणाऱ्या सिस्टरांना दोन उघडी पावलं दिसली, सुजलेली, पलंगावरून सावकाश खाली उतरून फरशी चाचपणारी.